सामाईक बाग आणि परदेशी शेजारी

एखाद्याच्या भिंतीला लागून आपली भिंत असली म्हणजे तो आपला शेजारी झाला, असें व्यवहारांत आपण म्हणतों. परंतु त्याच्या घरांत दुखणें आलें असतां आपणांस तें कळत नाहीं, आपल्या घरीं सण असतां त्यास बोलावणें जात नाहीं, आणि जिन्यांत गांठ पडली तर दोघेहि खालीं पाहून निघून जातात, अशी स्थिति असेल तर त्या शेजाराची किंमत ती काय? त्यांतून हा शेजारी परक्या देशांतून आलेला असला, त्याची भाषा निराळी, पोषाख निराळा, स्वयंपाकाचा वासहि निराळा असला, तर हें अंतर आणखीच वाढतें. त्याच्याविषयीं आपल्या मनांत वैर असतें असें नाहीं. बोलावयाचें काय आणि कोणत्या निमित्तानें, हेंच सुचत नाहीं. असें एक निमित्त जगांतील कांहीं शहरांनीं शोधून काढिलें आहे. तें म्हणजे सामाईक बाग. ही बाग कशी असते, तिचें काम कसें चालतें, आणि तिच्यामुळें परका मनुष्य शेजारी कसा होतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस थोडक्यांत समजावून सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

सार्वजनिक उद्यान आणि सामाईक बाग यांत मोठा फरक आहे. उद्यानांत माळी पगारी असतो. फुलें तोडूं नयेत अशी पाटी असते. आपण फिरावयास जातों आणि परत येतों. सामाईक बागेंत सर्वच माळी. नगरपालिकेची, चर्चची किंवा एखाद्या संस्थेची पडीक जागा घेऊन तिचे लहान लहान तुकडे पाडितात, व एकेका कुटुंबास एकेक तुकडा थोड्याशा वर्गणीवर लावून देतात. तुकडा ज्याचा त्याचा. पण पाण्याचा नळ, अवजारांची खोली, खताचा खड्डा आणि बसावयाची जागा हीं सर्वांचीं. नळाची पाळी कशी लावावी, वाटेवरचें गवत कोणीं काढावें, खोलीची किल्ली कोणाजवळ असावी, हें सर्व सभासद एकत्र बसून ठरवितात. घरच्या परसांत एकट्यानें भाजी लावणें आणि येथें लावणें यांत जो भेद आहे, तो एवढाच. परंतु पुढें सांगावयाचें सारें या भेदांतच सांठविलेलें आहे.

ही कल्पना अगदीं नवी नाहीं. जर्मनींतील लाइपझिग शहरीं १८६५ सालीं मुलांकरितां एक क्रीडांगण उघडण्यांत आलें व त्यास त्याच शहरांतील एक दिवंगत डॉक्टर श्रेबर यांचें नांव देण्यांत आलें. पुढें गेसेल नांवाच्या शिक्षकानें क्रीडांगणाच्या कडेनें मुलांसाठीं वाफे करविले. मुलांचा उत्साह थोड्याच दिवसांत ओसरला, वाफ्यांत तण माजलें, आणि शेवटीं आईबापांनींच खुरपें हातीं घेतलें. हें वाचून आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस आपल्या घरच्या कुंड्या आठवतील! या आईबापांच्या वाफ्यांपासून जी प्रथा वाढली, तिच्यामुळें आज जर्मनींत असे बागेचे तुकडे लाखांनीं मोजावे लागतात, व ते श्रेबर-बागा या नांवानें ओळखले जातात. इंग्लंडांत १९०८ च्या कायद्यानें, लोकांची मागणी असल्यास, असे तुकडे पुरविणें हें स्थानिक संस्थांचें कर्तव्य ठरविलें. तेथील पूर्ण तुकडा सुमारें २५० चौरस मीटरांचा, म्हणजे आपल्याकडील अडीच गुंठ्यांचा असतो. दुसऱ्या महायुद्धांत अन्नाची टंचाई पडली, तेव्हां याच तुकड्यांनीं पुष्कळ घरांस भाजी पुरविली.

परंतु या बागा मूळच्या रहिवाशांनीं आपल्या सोयीसाठीं काढिलेल्या होत्या. देशोधडीस लागलेल्या लोकांच्या इच्छेंतून जी बाग निघाली, आणि जिचें अनुकरण पुढें सर्व जर्मनीभर झालें, ती ग्योटिंगेन येथील. ग्योटिंगेन हें जर्मनींतील एक जुनें विद्यापीठाचें गांव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृत शिकविणारे पंडित कीलहॉर्न हे १८८२ पासून याच विद्यापीठांत अध्यापक होते. म्हणून आपल्याकडील जुन्या विद्वानांस हें नांव परिचित होतें. १९९२ ते १९९५ या काळांत बोस्निया देशांत भयंकर युद्ध झालें, गांवेंच्या गांवें उजाड झालीं, आणि जर्मनीनें जवळजवळ साडेतीन लाख बोस्नियन निर्वासितांस आसरा दिला. त्यांपैकीं कांहीं कुटुंबें ग्योटिंगेन येथें आलीं. तेथील निर्वासितांच्या सल्ला-केंद्रांत बायका एकत्र जमत, चहा पीत, हातांत कांहीं विणकाम-शिवणकाम घेत, आणि युद्ध केव्हां संपतें याची वाट पाहत. १९९५ सालीं त्यांस विचारण्यांत आलें कीं, तुम्हांस येथें सर्वांत अधिक उणीव कशाची भासते? पैसा, मोठें घर, नोकरी, असें कांहीं उत्तर येईल अशी कोणाचीहि अपेक्षा असावी. त्या बायकांनीं सांगितलें कीं, आमच्या बागांची.

या उत्तराचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्या बायकांस कोणीं उपाशी ठेविलें नव्हतें. निवारा होता, अन्न होतें, मुलांस शाळा होती. परंतु आपल्या देशीं घरामागें त्यांचा भाजीपाल्याचा मळा असे. पाहुणा आला तर मळ्यांतील ताजी भाजी त्याच्यापुढें ठेवितां येत असे. शेजारणीच्या ओट्यांत चार टोमॅटो घालितां येत असत. जर्मनींत त्या केवळ घेणाऱ्या होऊन बसल्या होत्या. अन्न घ्यावयाचें, वस्त्र घ्यावयाचें, राहण्याचा परवाना घ्यावयाचा, आणि प्रत्येक वेळीं आभार मानावयाचे. ज्यास नेहमीं घ्यावेंच लागतें त्याची मान हळूहळू खालीं जाते, मग देणारा कितीहि सज्जन असो. बाग मागतांना त्या बायका भाजी मागत नव्हत्या. दुसऱ्यास कांहीं देतां यावें, एवढें मागत होत्या, असें आम्हांस वाटतें.

त्यांच्या इच्छेस ज्यांनीं हात दिला, त्यांत तस्सेव शिमेलेस हे इथिओपिया देशाचे एक शेतकीतज्ज्ञ गृहस्थ होते. म्हणजे साह्य करणाराहि परदेशींचाच. १९९६ सालीं पहिली बाग उभी राहिली, आणि १९९८ सालीं 'आंतरराष्ट्रीय बागा' या नांवाची संस्था रीतसर स्थापन झाली. पुढें निरनिराळ्या खंडांतून आलेलीं कुटुंबें आणि जर्मन कुटुंबें तेथें वाफ्याला वाफा लावून काम करूं लागलीं. ख्रिस्ता म्युलर या समाजशास्त्रज्ञ बाईंनीं २००२ सालीं या प्रयोगावर पुस्तक लिहिलें; २००३ सालीं अशा बागांस मदत करणारी एक संस्था निघाली; आणि आज जर्मनींत अशा बागा शेंकडोंनीं आहेत.

आतां कोणी विचारील कीं, ओळख करून देण्यास सभा, सहभोजनें, भाषणें हीं नाहींत काय? मग बागेंतच असें काय आहे? याचें उत्तर आम्ही चार मुद्द्यांत देतों.

पहिली गोष्ट भाषेची. सभेंत ज्याला भाषा येत नाहीं तो मुका होतो. बागेंत तसें होत नाहीं. कुदळ कशी धरावी, रोप किती खोल लावावें, कोणत्या पानावर कीड पडली आहे, हें हातानें दाखवितां येतें. आणि हात बोलूं लागले म्हणजे जीभहि मागून येते. शिवाय एकाच बागेंत बोस्नियन, इराणी, कुर्द आणि इथिओपियन असे लोक असले म्हणजे सर्वांस समजेल अशी एकच भाषा उरते, ती त्या देशाची, म्हणजे जर्मन. वर्गांत जी भाषा परीक्षेच्या भीतीनें जिभेवर येत नाहीं, ती नळाच्या पाळीवर सहज येते, कारण तेथें ती न बोलल्यास वाफा कोरडा राहतो.

दुसरी गोष्ट ज्ञानाची. परदेशांतून आलेला मनुष्य कचेरींत गेला कीं तो अडाणी ठरतो. फॉर्म कसा भरावा हें त्यास ठाऊक नसतें. परंतु तोच जन्माचा शेतकरी असेल तर वाफ्यावर गुरु ठरतो. लंडनच्या पूर्व भागांत स्पिटलफील्ड्स येथें १९७८ पासून एक नगर-शेत आहे. तेथें बांगलादेशांतून आलेल्या बायका दुधी, कोथिंबीर अशा आपल्या माहितीच्या भाज्या लावीत आल्या आहेत. थंड देशांत दुधी लावावयाचा म्हणजे रोप आधीं आडोशाला, उबेंत वाढवावें लागतें. तेथील थंडी केव्हां सरते हें इंग्रज शेजारणीस ठाऊक. वेल मांडवावर कसा चढवावा व त्याचा शेंडा केव्हां खुडावा हें बांगलादेशी बाईस ठाऊक. दोघींस एकमेकींची गरज पडते, आणि गरज दोन्हीं बाजूंनीं असली म्हणजे मान दोन्हीं बाजूंनीं राहतो.

तिसरी गोष्ट देण्याघेण्याची. भाजीचा स्वभावच असा आहे कीं, ती येऊं लागली म्हणजे एका घरास संपत नाहीं. भोपळ्याचा वेल लागला कीं रोज भोपळा. किती दिवस घरचीं माणसें खाणार? मग तो शेजारच्या वाफ्याकडे जातो, आणि त्याबरोबर तो शिजवावा कसा, हीहि कृति जाते. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं वेस्ट इंडीज बेटांतून आलेले लोक कॅलालू नांवाची पालेभाजी लावितात. जमैकाचा हा कॅलालू आपल्या माठाच्याच कुळांतील आहे; पंजाबी शेजारी त्यास पाहतांच चौलाई म्हणून ओळखील, आणि आपल्यांतील एखादी गृहिणी तेथें गेली तर लसणाची फोडणी कोठें आहे म्हणून विचारील. हजारों मैलांवरचीं दोन माणसें एका भाजीनें अशीं एका पंक्तीस येतात.

चौथी गोष्ट काळाची. सभा दोन तासांत संपते. बी पेरल्यापासून पीक हातीं येईपर्यंत महिने जातात, आणि तितके दिवस तींच माणसें त्याच नळापाशीं पुनःपुन्हां भेटतात. पहिल्या आठवड्यांत नुसती मान हलते, दुसऱ्यांत नांव विचारलें जातें, आणि महिन्याभरानें एकजण गांवाला गेला तर दुसरा त्याच्या वाफ्यास पाणी घालितो. मैत्रीस घाई चालत नाहीं, आणि बागेंत तर घाई करितांच येत नाहीं.

या अनुभवास शास्त्राचाहि आधार आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनीं १९५४ सालीं पूर्वग्रहाच्या स्वरूपाविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, निरनिराळ्या समाजांचे लोक नुसते जवळ आले म्हणजे त्यांच्या मनांतील आकस जातोच असें नाहीं. आकस जावयाचा तर चार गोष्टी हव्यात. दोघांचा दर्जा त्या ठिकाणीं सारखा असावा, दोघांचा उद्देश एक असावा, तो साधण्यास एकमेकांचें साह्य लागावें, आणि अशा मिसळण्यास नियमांचा व वडीलधाऱ्यांचा पाठिंबा असावा. बाजारांत एकजण विकणारा व दुसरा घेणारा असतो. कचेरींत एकजण देणारा व दुसरा मागणारा असतो. सामाईक बागेंत मात्र सर्वांचे वाफे सारख्याच मापाचे, सर्वांस पीक हवें, नळ सर्वांनीं सांभाळावयाचा, आणि नियम सर्वांनीं मिळून केलेले. ऑलपोर्ट यांच्या चारहि अटी येथें आपोआप पुऱ्या होतात.

याचा अर्थ असा नव्हे कीं, तेथें सदा गोडीगुलाबी असते. एकाचा पुदिना दुसऱ्याच्या वाफ्यांत शिरतो. एकाचीं मुलें दुसऱ्याचीं रोपें तुडवितात. कोणी नळ उघडा ठेवितो, कोणास शेणखताचा वास सोसत नाहीं. परंतु भांडण झालें तरी दुसऱ्या दिवशीं त्याच नळावर यावें लागतें, म्हणून तें मिटवावेंच लागतें. परक्याशीं आपण सहसा भांडत नाहीं, त्यास टाळितों. ज्याच्याशीं मोकळेपणानें भांडून पुन्हां बोलतां येतें तो परका उरलेला नसतो.

या बागांच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. नाहीं तर चित्र एकांगी होईल. बाग कोणास नोकरी देत नाहीं, राहण्याचा परवाना देत नाहीं. बोस्नियांतील युद्ध थांबल्यावर जर्मनींतील बहुतेक बोस्नियन निर्वासितांस पुढील कांहीं वर्षांत परत जावें लागलें, किंवा तिसऱ्या देशाची वाट धरावी लागली. ज्यास पुढच्या वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, तो मुळा लावितो, मेथी लावितो. सफरचंदाचें झाड लावण्यास त्याचा हात धजत नाहीं. कोणत्याहि देशांत परक्यास किती विसावा मिळाला आहे हें जाणावयाचें असेल तर तो काय लावितो हें पाहावें! जागेचाहि भरंवसा नसतो. अमेरिकेंतील लॉस एंजल्स शहरीं १९९२ च्या दंग्यानंतर १४ एकरांच्या एका जागेवर मोठी सामाईक बाग उभी राहिली. तेथें सुमारें ३५० कुटुंबें पिकें काढीत. त्यांतील बहुतेक मेक्सिको व आसपासच्या देशांतून आलेलीं. जागा मूळ मालकाकडे परत गेली, वाद न्यायालयांत गेला, आणि २००६ सालीं त्या कुटुंबांस बाहेर काढून बाग यंत्रानें उकरून टाकिली. यास्तव बाग काढावयाची तर जागेचा लेखी करार प्रथम करावा, हा धडा त्या प्रसंगानें सर्वांस दिला. शहरांतील जुन्या पडीक जमिनींत शिशासारखीं विषारी द्रव्यें असूं शकतात, म्हणून मातीची परीक्षा करून घेणें, किंवा बाहेरची चांगली माती आणून उंच वाफे करणें, हेंहि अगत्याचें आहे.

शेतांत परक्यास जागा देण्याचा विचार आमच्या शाळेच्या वाचकांस अपरिचित नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांत शेतकऱ्यास आज्ञा आहे कीं, शेताच्या कडेपर्यंत कापणी करूं नये. गळलेलीं कणसें गरिबासाठीं व उपऱ्यासाठीं राहूं द्यावीं. याच नियमाच्या आधारें मवाबी देशाची विधवा रूथ आपली सासू नामी हिच्यासह बेथलेहेमास आली असतां बवाजाच्या शेतांत सरवा वेचूं शकली. त्या कथेचा शेवट आपणांस ठाऊकच आहे. सरवा वेचणारी ती उपरी स्त्री त्या गांवची सून झाली, आणि दावीद राजा तिच्या वंशांत जन्मला. सामाईक बाग त्या प्राचीन नियमाच्या एक पाऊल पुढें जाते. ती उपऱ्यास शेताची कड देऊन थांबत नाहीं. आपल्या वाफ्याएवढाच वाफा देते.

परदेशी शेजारी हा विषय आपल्या प्रांतासहि नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत घरादारास मुकलेले सुमारें पांच हजार पोलिश लोक, त्यांत मुख्यतः बायका व मुलें, सैबेरिया व इराण या मार्गानें आपल्या देशांत आले, आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडे येथील छावणींत राहिले. त्यांच्या मुलांचें बालपण पंचगंगेच्या कांठीं गेलें, आणि परत गेल्यावरहि पुष्कळांनीं कोल्हापूरची आठवण मनांत जतन केली. आजहि आपल्या गांवांत नेपाळांतून आलेलीं कुटुंबें आहेत. परदेशींचीं नसलीं तरी भाषेनें परकीं अशीं बिहार, ओरिसा, बंगाल या प्रांतांतील कुटुंबें तर बांधकामावर, हॉटेलांत, कारखान्यांत सर्वत्र दिसतात. त्यांचीं मुलें आपल्या वर्गांत येऊन मागच्या बांकावर गप्प बसतात.

तेव्हां मुलांनो, तुम्हांस एक सुचवावेंसें वाटतें. मोठी जमीन लागत नाहीं. शाळेच्या आवारांत किंवा चाळीमागें ऊन व पाणी मिळेल अशी थोडी जागा, मालकाची परवानगी घेऊन, मागावी. दहा फूट लांब व चार फूट रुंद असे वाफे करावे. चार फुटांहून अधिक रुंदी ठेवूं नये, म्हणजे मातीवर पाय न देतां दोन्हीं कडांनीं हात मधोमध पोंचतो. दसरा झाल्यावर आरंभ करावा. मेथी महिन्याच्या आंत खुडावयास येते, त्यामुळें उत्साह टिकतो. त्यामागून मुळा, पालक, कोथिंबीर. एक वाफा नव्या कुटुंबासाठीं राखावा, आणि त्यांत काय लावावयाचें हें त्यांसच ठरवूं द्यावें. नेपाळांतील माणूस रायोचा साग लावील. ती मोहरीच्या कुळांतील भाजी आहे. बिहारकडील माणूस नेनुआ लावीन म्हणेल. वेल वाढला म्हणजे तुमच्या ध्यानांत येईल कीं, हें तर आपलें घोसाळें! पहिली भाजी निघाली म्हणजे ती त्यांच्या हातून घ्या, आणि घरीं नेऊन खा. आईबापांसहि आमची विनंति आहे कीं, मूल अशी परक्या हातची भाजी घेऊन घरीं आलें तर ती बाजूस ठेवूं नये. त्याच दिवशीं शिजवावी, आणि तिची चव कशी होती तें त्याच मुलाबरोबर कळवावें.

दया करणें चांगलें आहे, पण दयेंत देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खालीं असतो. मैत्रींत दोघांचे हात सारख्या उंचीवर यावे लागतात. परक्यास आपण काय देऊं, असा विचार पुष्कळ सज्जन करितात. त्याजवळ काय आहे आणि तें आपण घेऊं कां, हा विचार त्याहून अवघड, आणि मैत्रीचा आरंभ त्याच विचारापासून होतो. नव्या शेजाऱ्याशीं काय बोलावें हें सुचत नसेल, तर त्यास एवढेंच विचारावें कीं, तुमच्या गांवीं घरामागें काय लावीत असत? या प्रश्नास उत्तर नाहीं असा मनुष्य विरळा. आणि तें उत्तर ऐकून घेण्यास जो थांबला, तो त्याचा शेजारी झाला.